मखरापायी घेतलेली करवत

आमच्या घरी गणपतीचे मखर दरवर्षी बाबा करीत असत. थर्माकोलच्या पांढऱ्या शीटवर पेन्सिलीने महिरप काढायची, तापलेल्या तारेने ती कापायची आणि कडांना सोनेरी पट्टी चिकटवायची, असा तो आठ दिवसांचा कार्यक्रम असे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली आणि बाबांची ती तार कपाटात गेली. पुढची तीन-चार वर्षे आम्ही जरीच्या साड्यांचे पडदे आणि झेंडूच्या माळा यांवर भागवले. लेसरने कापलेली एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, मखरे तोवर बाजारात आली होती. ती सुबक असतात, दहा मिनिटांत जोडून होतात आणि त्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही. परंतु आमच्या सोसायटीत एका वर्षी पाच घरांत तेच कमळ आणि तेच दोन मोर दिसले, तेव्हा बाबा काही न बोलता घरी आले आणि त्यांनी जुन्या वहीतली महिरपीची चित्रे काढून टेबलावर ठेवली. त्या वर्षीच्या दिवाळीत मी स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक नक्षी कापायचे विजेचे करवत-यंत्र, घेतला.

त्याआधी मी करवत हातात धरलेली नव्हती. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला फ्रेटसॉ नावाची लांब कमानीची बारीक करवत होती, पण ती वर्गात एकच असल्याने माझ्या वाट्याला कधी आली नाही. त्यामुळे पुढचा मजकूर सुताराने लिहिलेला नाही. दीड वर्षात बरेच प्लाय वाया घालवलेल्या, दिवसभर हिशेबाच्या कागदांत असलेल्या एका बाईने लिहिलेला आहे. जे लाकूड वाया गेले त्यातले बहुतेक माझा हात कच्चा होता म्हणून नव्हे, तर पाते चुकीचे, सैल किंवा बोथट होते म्हणून गेले, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. नवशिक्या माणसाला मात्र प्रत्येक वेळी वाटते की आपलाच हात वाकडा आहे, आणि त्याच समजुतीने बरीच यंत्रे पलंगाखाली जातात, असा माझा संशय आहे.

यंत्राची रचना अगदी साधी आहे. सपाट टेबलाच्या मध्यभागी एक भोक असते, त्यातून एक अरुंद पाते उभे जाते, आणि वरच्या-खालच्या दोन भुजांमध्ये ताणलेले ते पाते मोटरच्या जोरावर वर-खाली होत राहते. पाते जागचे हलत नाही; लाकूड दोन्ही हातांनी टेबलावर सपाट धरून आपण त्याच्याकडे सरकवायचे आणि रेषा वळेल तसे फिरवायचे. शिलाई मशीन चालवलेल्या माणसाला हे चटकन समजते, कारण तिथेही सुई जागेवर असते आणि आपण कापड वळवतो. फरक इतकाच की शिलाई मशीनचे खालचे दाते कापड आपोआप पुढे ओढतात, तर इथे पुढे ओढणारे कोणी नाही. उलट पाते वर जाताना लाकडालाही सोबत उचलू पाहते. म्हणून हातांना दोन कामे असतात, पुढे सरकवण्याचे आणि खाली दाबून धरण्याचे, आणि पहिल्या आठवड्यात दुसऱ्या कामाचा विसर पडला की फळी टेबलावर थडथड नाचू लागते. हा नाच थांबवण्यासाठी यंत्राला एक दाबपट्टी दिलेली असते. ती बारीक कामात आड येते म्हणून अनुभवी लोक काढून ठेवतात, पण नवशिक्याने ती काढू नये. वीज घरोघरी येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, ही यंत्रे पायाच्या पायट्यावर चालत, थेट जुन्या शिलाई मशीनसारखी. त्यामुळे हे साम्य मी ओढून-ताणून आणलेले नाही.

यंत्र घेताना मी पाहिलेल्या गोष्टी तीन. पहिली, पात्यापासून मागच्या भुजेपर्यंतचे अंतर, ज्याला दुकानदार थ्रोट म्हणतात. माझ्या यंत्राचे ते १६ इंच आहे, म्हणजे फळी फिरवताना तिचे टोक १६ इंचांपलीकडे मागे गेले की ती अडते. घरगुती कामाला इतके पुरते. दोन फुटी मखराचे भाग तसेही वेगवेगळेच कापावे लागतात. दुसरी, वेग कमी-जास्त करण्याची सोय. माझे यंत्र मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्यांपर्यंत जाते, आणि शिकताना मी ७०० ते ८०० च्या आसपास राहिले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच वेष्टनावर बारीक अक्षरांत असते: यंत्राला कोणत्या प्रकारचे पाते बसते.

पाती दोन प्रकारची मिळतात. एका प्रकारात पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते आणि ती भुजेच्या खाचेत अडकते. ही पाती बदलायला सोपी. दुसऱ्या प्रकारात टोके साधी, सपाट असतात आणि ती छोट्या क्लॅम्पमध्ये स्क्रूने आवळून धरावी लागतात. दोन्ही प्रकारची पाती सहसा पाच इंचांची. पहिला प्रकार सोयीचा वाटतो आणि दुकानदारही तोच पुढे करतो. पण जाळीकामात प्रत्येक कटासाठी आधी लाकडाला भोक पाडून पाते त्यातून ओवावे लागते, आणि पिन असली की ते भोक किमान पाच-सहा मिलिमीटरचे लागते. जाळीतला थेंबाच्या आकाराचा छेद कधी कधी एवढाच असतो. साध्या टोकाचे बारीक पाते दीड मिलिमीटरच्या भोकातून सहज जाते. म्हणून ज्या यंत्राला दोन्ही प्रकार चालतात किंवा निदान साधे टोक चालते तेच घ्यावे, हे माझे ठाम मत आहे. माझे यंत्र साडेतेरा हजारांना पडले आणि दोन्ही प्रकार घेते. पिनची पाती त्याच्यासोबत आली होती, ती अजून डबीत तशीच आहेत.

पाती विकत घ्यायला मी पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, आणि तिथे माझी पहिली फजिती झाली. स्क्रोल सॉचे पाते मागितले की समोर जिगसॉची पाती येत, म्हणजे सुतार हातात धरून चालवतात त्या यंत्राची जाडजूड पाती. चौथ्या दुकानात मी यंत्राचे चित्र दाखवले, तेव्हा तिथल्या वयस्क काकांनी मला सराफी हत्यारांच्या दुकानात जायला सांगितले. सल्ला अर्धा बरोबर निघाला. सोनारांच्या आरीची पाती जवळपास तेवढ्याच लांबीची असतात आणि माझ्या क्लॅम्पमध्ये नीट बसतात. पितळेचा पातळ पत्रा कापायला मी ती आजही वापरते. लाकडात मात्र त्यांच्या बारीक, दाट दात्यांमध्ये भुसा अडकतो, पाते तापते आणि लाकूड करपते. शेवटी लाकडाची पाती ऑनलाइनच मागवावी लागली, एकेका नंबराची डझनभर.

पात्यांच्या नंबरांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझा सर्वाधिक वेळ इथे वाया गेला. नंबर जितका मोठा तितके पाते रुंद आणि जाड, आणि इंचातले दाते तितके कमी. पाच नंबरचे पाते रुंदीला जेमतेम एक मिलिमीटर असते, दोन नंबरचे त्याहूनही अरुंद, आणि नऊ किंवा बारा नंबरची पाती इंचभर जाडीच्या कठीण लाकडासाठी. अरुंद पाते जवळजवळ जागच्या जागी वळते पण चटकन तुटते. रुंद पाते सरळ चालते पण लहान वळणात अडते. मी आधी वाचून दोन नंबर घेतला, कारण मला बारीक जाळी करायची होती, आणि पहिल्या दिवशी सहा पाती तोडली. सुरुवात पाच नंबरने आणि बारा ते अठरा मिलिमीटर जाडीच्या मऊ लाकडावर करावी. पातळ लाकूड सोपे असेल असे वाटते, प्रत्यक्षात उलटे असते: चार मिलिमीटरच्या प्लायला पाते इतक्या झरकन कापते की हाताला दुरुस्ती करायला वेळच मिळत नाही.

दात्यांच्या रचनेतही प्रकार आहेत. सलग दाते असलेल्या पात्यापेक्षा एक दात सोडून एक असलेले पाते भुसा लवकर बाहेर टाकते आणि कमी तापते. माझ्या कामाला सर्वांत उपयोगी पडले ते असे पाते, ज्याचे खालचे काही दाते उलट्या दिशेला, म्हणजे वर तोंड करून असतात. साधे पाते खाली जाताना कापते, त्यामुळे फळीच्या खालच्या बाजूला तंतू उचकटून झिरमिळ्या राहतात. उलटे दाते त्या झिरमिळ्या वर येताना कापून टाकतात आणि प्लायची खालची बाजू जवळपास वरच्याइतकीच स्वच्छ निघते. ही पाती मिळेपर्यंत मी प्रत्येक छेदाची मागची बाजू सुईकानशीने घासत बसत असे.

पाते बसवताना दाते समोर आणि खाली तोंड करून हवेत. हे लिहायला सोपे आहे. एक मिलिमीटर रुंदीच्या काळ्या पात्याचे दाते डोळ्यांना दिसत नाहीत. बोट हलकेच खालून वर नेले की टोचले पाहिजे आणि वरून खाली नेले की सुळकन गेले पाहिजे. मी एकदा पाते उलटे बसवले आणि यंत्र सुरू करताच फळी हातातून उसळली. त्यात काही लागले नाही, पण त्या संध्याकाळी पुन्हा यंत्रापाशी बसले नाही.

यानंतर ताण. पाते सैल असेल तर ते कटात धनुष्यासारखे वाकते; वरच्या बाजूला तुम्ही रेषेवर असता आणि खालच्या बाजूला रेषेपासून दोन मिलिमीटर दूर. ताण बरोबर आहे की नाही हे तंबोऱ्याची तार छेडावी तसे पाते नखाने छेडून पाहतात. भसाडा आवाज आला तर ताण कमी, स्वच्छ टणत्कार आला तर ठीक. बाजूने बोटाने दाबल्यास ते तीन मिलिमीटरपेक्षा अधिक हलू नये. मला सुराचे फारसे ज्ञान नाही, पण हा टणत्कार आठवडाभरात कानात बसला. पाते बोथट झाल्याचे मात्र कानाला कळत नाही, हाताला कळते: आपण नकळत अधिक जोर लावू लागतो. माझा अनुभव असा की प्लायवर अर्धा-पाऊण तास काम झाले की पाते टाकून द्यावे, कारण प्लायच्या थरांमधला सरस धार लवकर घालवतो. जुन्या पात्याशी झटत बसून बिघडवलेला तुकडा नव्या पात्यापेक्षा नेहमीच महाग पडला आहे. आणखी एक छोटी युक्ती म्हणजे पात्याची हालचाल वीसेक मिलिमीटरचीच असल्याने पातळ लाकूड कापताना तेवढेच दाते झिजतात आणि वरचे कोरे राहतात. टेबलावर दहा-बारा मिलिमीटरचा प्लायचा तुकडा टेप लावून बसवला आणि त्यावर काम केले की तेच पाते पुन्हा उपयोगी पडते. अशा तुकड्याला पात्यापुरतेच बारीक भोक ठेवले तर टेबलाच्या मोठ्या भोकातून जाळीचे लहान तुकडे खाली पडण्याचाही त्रास वाचतो.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर पहिले पंधरा दिवस मी स्वतःला दोष दिला नसता. ही पाती तयार होताना त्यांच्या एका कडेला किंचित कंगोरा राहतो, आणि त्यामुळे बहुतेक पाती सरळ न जाता थोडी उजवीकडे ओढतात. फळी अगदी नाकासमोर सरळ ढकलली तर कट रेषा सोडतोच. काही अंश तिरकी धरून सरकवली की तो रेषेवर राहतो. किती तिरकी, हे प्रत्येक पात्यागणिक थोडे बदलते, आणि नवे पाते लावल्यावर टाकाऊ तुकड्यावर हातभर लांबीची रेषा कापून ते अजमावून घ्यावे. तसेच टेबल पात्याशी काटकोनात आहे का हे गुण्याने, म्हणजे सुतारांच्या काटकोनी पट्टीने, पाहण्यापेक्षा जाड तुकड्यात एक छोटी चीर घालावी, तुकडा अर्धा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूने ती चीर पात्यावर सरकवून पाहावी. सहज शिरली तर काटकोन बरोबर, अडली तर टेबल कलले आहे.

लाकडासाठी मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाते. वखारीत कोणी अर्धा फूट फळी विकत नाही, पण दारामागे कटपीसचा ढीग असतो आणि शनिवारी संध्याकाळी गर्दी नसेल तर त्यातून निवडू देतात. शिकण्यासाठी यंत्रांच्या पेट्यांचे पाइन उत्तम, कारण ते मऊ असते आणि जवळजवळ फुकट मिळते. त्यातले खिळे मात्र डोळ्यांत तेल घालून शोधावेत. शिवणीचे लाकूड माझ्या आवडीचे झाले आहे, हलके आणि सारख्या पोताचे. साग दिसायला देखणा, पण त्याच्या तंतूंत सिलिका असते आणि ती पाते लवकर बोथट करते. शिसव कापताना धूर निघाला तर दचकू नये, वेग कमी करावा आणि चित्राच्या कागदावरून खाकी किंवा पारदर्शक पॅकिंग टेप लावावी. टेपवरच्या गुळगुळीत थराने पात्याचे घर्षण कमी होते आणि कडा करपत नाहीत. ही टेपची युक्ती मला आधी निव्वळ अंधश्रद्धा वाटली होती. एकाच शिसवी तुकड्यावर अर्ध्या भागात टेप लावून आणि अर्ध्यात न लावता कापून पाहिले, तेव्हा गप्प बसले.

चित्र लाकडावर काढत नाहीत, कागदावर काढून चिकटवतात. पहिल्या वेळी मी फेविकॉल वापरला आणि कापून झाल्यावर तो कागद काढण्यासाठी दोन तास घासले. आता आधी लाकडावर रंगाऱ्यांची कागदी टेप लावते आणि तिच्यावर गोंदकांडीने चित्र चिकटवते. काम झाले की सारे एकदम सोलून निघते.

सरावाचा क्रम मी स्वतः चुकवला. पहिल्याच दिवशी गणपतीची आकृती कापायला घेतली आणि सोंडेचे दोन तुकडे झाले. आमच्याकडे स्वयंपाकघराचे काम करायला आलेल्या मिस्त्रींनी माझे चालले होते ते पाहिले. हे यंत्र त्यांनी कधी वापरलेले नव्हते, पण दोन मिनिटे पाहून ते म्हणाले, “ताई, फळी ढकलू नका. नुसती धरून ठेवा, जायची ती जाईल.” पुढे मी पंधरा दिवस फक्त रेषा कापल्या: सरळ, मग लाटा, मग शंख, मग चौकोनी कोपरे. कोपऱ्याचे कौशल्य असे की टोकाशी पोहोचल्यावर पुढे सरकवणे थांबवायचे, फळी किंचित स्वतःकडे ओढून पात्याच्या पाठीवर टेकवायची, कारण पाठीला दाते नसतात, आणि तिथल्या तिथे झटकन फिरवायची. यंत्र चालूच राहते. हे पहिल्यांदा जमले तेव्हा मी नंतरचे वीस कोपरे विनाकारण कापले. रेषेच्या नेमके मधोमध जाण्याचा अट्टहासही सोडावा. कागद निघून गेल्यावर मूळ रेषा कुठे होती हे कोणाला दिसत नाही, फक्त वळण सलग आहे की खडबडीत, एवढेच दिसते. हात रेषेबाहेर गेला तर तो एका झटक्यात परत आणू नये, हळूहळू आणावा.

आतले छेद बाहेरच्या कडेच्या आधी कापावेत आणि त्यांतही मधले आधी, कडेचे नंतर, म्हणजे लाकडाला शेवटपर्यंत आधार राहतो. प्रत्येक छेदासाठी पात्याचे वरचे टोक सोडायचे, भोकातून ओवायचे, पुन्हा आवळायचे, ताण द्यायचा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला उपाय नाही. मी आकाशवाणी लावून बसते. कानात इअरफोनची वायर मात्र घालू नये, ओढणी आणि लांब बाह्या यंत्रापाशी नेऊ नयेत, बांगड्या काढाव्यात आणि केस बांधावेत. स्क्रोल सॉ इतर विजेच्या करवतींच्या मानाने सौम्य आहे, बोट लागले तरी सहसा कापल्यावर निभावते, पण सहसा या शब्दावर विसंबून बोटे पात्याच्या सरळ रेषेत ठेवू नयेत.

बोटांपेक्षा मला फुप्फुसांची काळजी अधिक वाटते. या करवतीचा भुसा पिठासारखा बारीक असतो, डोळ्यांना न दिसता हवेत तरंगत राहतो आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच कर्करोगकारक घटकांत धरली आहे; तो निष्कर्ष वर्षानुवर्षे कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या पाहणीवरून काढलेला आहे, रविवारी दोन तास बसणाऱ्यांच्या नव्हे, तरीही एन-९५ मुखपट्टीला असा किती खर्च येतो? मी बाल्कनीत बसते, मुखपट्टी आणि चष्मा लावते आणि एमडीएफ टाळते. बाल्कनीचा दुसरा प्रश्न आवाजाचा. यंत्राचा आवाज मिक्सरहून कमी आहे. पण त्याची थरथर टेबलाच्या पायांतून खालच्या घराच्या छतात उतरे आणि तिथल्या आजींनी दुपारच्या झोपेबद्दल रीतसर तक्रार केली. टेबलाखाली जाड रबरी चटई घातली, यंत्र टेबलाला बोल्टने घट्ट केले आणि दुपारी दोन ते चार यंत्र बंद ठेवले, तेव्हापासून संबंध सुधारले आहेत.

मखर दुसऱ्या वर्षी झाले. बाबांनी महिरप विश्रामबाग वाड्याच्या लाकडी दर्शनी भागावरून घेतली, दोन बाजूंना सुरूच्या आकाराचे खांब आणि मध्ये वेलींची जाळी. दोन्ही खांब एकमेकांचे आरसे हवे होते, आणि हाताने दोनदा कापून ते सारखे येणार नाहीत हे उघड होते. इथे एक जुनी युक्ती कामाला आली. चार मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कडांना टेपने घट्ट बांधले, ६२ भोके दोघांतून एकदमच पाडली आणि एकदाच कापले. मग एक तुकडा उलटा केला की उजव्याचा डावा झाला. चौदाव्या लुईच्या दरबारातला कारागीर आंद्रे-शार्ल बूल पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचे कवच असेच एकत्र धरून कापत असे आणि एकातले तुकडे दुसऱ्यात बसवून एकाच कापणीत दोन नक्ष्या तयार करीत असे, तेव्हा ही युक्ती निदान साडेतीनशे वर्षांची आहे. आठ मिलिमीटरची जोडी हाताला चार मिलिमीटरच्या एकट्या प्लायपेक्षा सुखाची लागली, हा आणखी एक फायदा. एका जोडीला चार तास गेले. चाळिसाव्या छेदाच्या सुमारास एक पान देठाशी तुटले. तो तुकडा टाकून न देता लगेच पांढरा गोंद लावून, टेपने धरून रात्रभर ठेवला आणि सकाळी पुढे चालू केले.

घासकामाला १८० आणि मग २४० नंबरचा पॉलिश पेपर पुरला. जाळीच्या आतून घासायला तो कागद आइसक्रीमच्या काडीला चिकटवून घेतला. नंतर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन हात दिले. जवसाच्या तेलाचाही विचार होता, पण ते सुकायला दिवस घेते, शिवाय तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ज्यांना तेलच लावायचे असेल त्यांनी चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.

त्या वर्षी गणपती लाकडी महिरपीखाली बसले. विसर्जनानंतर मी मखराचे भाग सोडवून माळ्यावर भिंतीला टेकवून ठेवले. पुढच्या जुलैत काढले तेव्हा वरची कमान मधोमध बोटभर वाकलेली होती, खांब मात्र सरळ होते. खांबांना दोन्ही बाजूंनी लाख दिली होती, कारण ते दोन्हीकडून दिसतात. कमानीची मागची बाजू भिंतीकडे असते म्हणून मी ती कोरीच सोडली होती, आणि पावसाळी हवेतला ओलावा त्याच बाजूने शिरून ती फुगली. कमान दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून वर धान्याचे डबे रचले, दहा दिवसांत ती पुष्कळशी सरळ झाली, आणि मग मागच्या बाजूलाही लाखेचे दोन हात दिले. आता मखर माळ्यावर उभे न ठेवता पलंगाखाली आडवे ठेवते. यंत्राच्या लोखंडी टेबलालाही त्याच पावसात गंज धरला होता, तो बारीक पॉलिश पेपरने काढून वर मेण घासले आहे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते मेण महिन्यातून एकदा घासते.